श्रीलंकेचा समुद्र: आधी किनारा सांगा, मग महिना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रीलंकेच्या सहलींविषयी पर्यटन पुरवण्यांतून हल्ली वरचेवर लिहून येते. त्यात सर्फिंग, स्नॉर्केलिंग, देवमासे दाखवणाऱ्या बोटी यांची माहितीही असते आणि ती वाचली जाते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण लेखाच्या शेवटी जी चौकट असते, तिथे ‘जाण्याचा उत्तम काळ : डिसेंबर ते मार्च’ एवढी एक ओळ छापून विषय संपतो. वर छायाचित्र मात्र अनेकदा पूर्व किनाऱ्यावरच्या अरुगम बेचे असते. डिसेंबरात अरुगम बेला पोहोचणाऱ्याच्या वाट्याला ईशान्य मोसमी पाऊस, समुद्राकडून थेट अंगावर येणारा वारा, गढूळ पाणी आणि हंगाम संपल्यामुळे थंडावलेले गाव येते. उलट ‘ऑगस्टमध्ये श्रीलंकेत पावसाळा’ असे वाचून जो बेत रद्द करतो, तो पूर्व किनाऱ्याचे वर्षातले सर्वांत चांगले दिवस गमावतो. या बेटाच्या दोन बाजूंना एकाच दिवशी दोन वेगळे समुद्र असतात. म्हणून विनंती अशी की, बेटाबद्दल लिहिताना आधी किनारा सांगावा, मग महिना. आणि लाटांबद्दल लिहिताना नुसती उंची न देता तिच्या जोडीला आवर्तकाल (दोन लाटांमधले सेकंद), दिशा आणि वाऱ्याची वेळ द्यावी. कारणे जरा विस्ताराने मांडतो, कारण इथे अर्धवट माहितीची किंमत कधी कधी जिवाने मोजावी लागते.

श्रीलंकेचा हवामान विभाग वर्षाचे चार भाग करतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे, डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी वारे, आणि त्यांच्या मध्ये मार्च-एप्रिल व ऑक्टोबर-नोव्हेंबर असे दोन संधिकाल. बेटाच्या मधल्या भागात डोंगर आहेत. पिदुरुतलागला हे त्यातले सर्वोच्च शिखर २,५२४ मीटर उंच आहे. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला पाऊस टाकतो आणि पलीकडे उतरताना कोरडा व गरम होत जातो. कोकण आणि देश दोन्ही पाहिलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. जून-जुलैत पूर्व किनाऱ्यावर बट्टिकलोआ ते पोट्टुविलच्या पट्ट्यात हा उतरलेला वारा इतका शुष्क असतो की तिथे त्याला ‘कच्चान’ असे स्वतंत्र नाव आहे.

याचा समुद्रावर होणारा परिणाम असा. मे ते सप्टेंबर या काळात बेंटोटा, हिक्कडुवा, उनावटुना, वेलिगामा, मिरिस्सा हा सगळा नैर्ऋत्य पट्टा समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर असतो. लाटा मोठ्या, पण विस्कटलेल्या. पाणी ओढ घेणारे. अनेक ठिकाणी पोहायला मनाई. त्याच दिवसांत अरुगम बेला सर्फिंगचा भर हंगाम असतो, आणि आणखी उत्तरेला पासिकुडा, निलावेली, त्रिंकोमाली इथे समुद्र बहुतेक दिवस शांत असतो, कारण दक्षिणेकडून येणाऱ्या लाटा तिथवर थेट पोहोचत नाहीत. लहान मुले बरोबर असतील आणि सुट्टी जुलै-ऑगस्टमध्येच मिळत असेल, तर तिकडेच जावे. नोव्हेंबर ते एप्रिल हे चित्र उलटते. मात्र त्यातही बारकावा आहे. नैर्ऋत्य किनाऱ्याचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो असे सर्रास लिहिले जाते. लाटांच्या दृष्टीने ते बरोबर आहे, पण नोव्हेंबर हा गॉलच्या बाजूला भरपूर पावसाचा महिना आहे. सकाळ स्वच्छ, दुपारी तीननंतर गडगडाट, असे अनेक दिवस जातात. भरवशाचे महिने जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च. ऑक्टोबर ते डिसेंबर बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे आणि चक्रीवादळे तयार होतात. नोव्हेंबर १९७८ च्या चक्रीवादळाने बट्टिकलोआचे अतोनात नुकसान केले होते. त्या काळात पूर्व किनाऱ्याचा बेत आखूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हंबनटोटाचा आग्नेय कोपरा दोन्ही मोसमांत त्यामानाने कोरडा, पण वारा जोरदार. वायव्येकडचे कल्पिटिया तर वाऱ्यावरच चालते. मे ते ऑक्टोबर आणि पुन्हा डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत तिथे काइटसर्फिंग (मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर सरकणे) करणाऱ्यांची गर्दी असते. सर्फरला जो वारा नको असतो तोच त्यांना हवा असतो, तेव्हा ‘सर्फिंगसाठी उत्तम’ या एका मथळ्याखाली कल्पिटिया आणि मिरिस्सा एकत्र छापणे चूक आहे.

आता मुख्य मुद्दा. या लाटा येतात कुठून, हा प्रश्न बहुतेक लेखांत विचारलाच जात नाही. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर फुटणाऱ्या चांगल्या लाटा तिथल्या वाऱ्याने तयार झालेल्या नसतात. ४० ते ५० अंश दक्षिण अक्षांशांच्या पट्ट्यात, दक्षिण हिंदी महासागरात, बाराही महिने वादळे घोंघावत असतात. त्यांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करत उत्तरेकडे येतात. प्रवासात लहान, तोकड्या लाटा मागे राहतात, विरून जातात, आणि लांब लाटा पुढे निघतात. खोल पाण्यात १६ सेकंद आवर्तकालाच्या लाटांचा समूह ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने सरकतो. ४५ अंश दक्षिणेपासून श्रीलंकेच्या दक्षिण टोकापर्यंतचे अंतर साडेपाच हजार किलोमीटरहून थोडे अधिक, म्हणजे वादळ झाल्यावर पाच-सव्वापाच दिवसांनी त्याच्या लाटा वेलिगामाच्या उपसागरात शिरतात. तोवर वादळ कधीच विरून गेलेले असते आणि इकडे आकाश निरभ्र असते. अशा दूरवरून आलेल्या लाटांना सर्फर ‘स्वेल’ म्हणतात. बेटाचा खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, अरुंद आहे, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो, त्यामुळे तळाशी घासून या लाटांची ताकद फारशी कमी होत नाही.

आपल्या पावसाळ्यात दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो, म्हणून तिथली वादळे मे ते ऑगस्टमध्ये अधिक तीव्र आणि स्वेलही मोठा. म्हणजे त्या महिन्यांत नैर्ऋत्य किनाऱ्याला लाटांची कमतरता मुळीच नसते. बिघडवतो तो वारा. जानेवारीत स्वेल लहान, बहुधा मीटर-दीड मीटरच्या आसपास, पण ईशान्येचा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि लाटेचा उतार तासून दिल्यासारखा गुळगुळीत ठेवतो. ‘मोसम’ म्हणजे लाटांचा मोसम नव्हे, वाऱ्याच्या दिशेचा मोसम. एवढे लक्षात ठेवले तर या बेटाचे अर्धे गणित सुटते.

उरलेले अर्धे गणित आवर्तकालाचे. एक लाट गेल्यावर पुढची लाट त्याच जागी येईपर्यंत जितके सेकंद जातात तो आवर्तकाल. अंदाजात ‘लाट १ मीटर’ असे दोन वेगवेगळ्या दिवशी लिहिलेले असेल, पण एका दिवशी ८ सेकंद आणि दुसऱ्या दिवशी १६ सेकंद असतील, तर ते दोन अगदी वेगळे दिवस आहेत. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची तर आवर्तकालाचा वर्ग करून त्याला १.५६ ने गुणावे. ८ सेकंदांची लाट सुमारे १०० मीटर लांब, १६ सेकंदांची सुमारे ४०० मीटर. लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत लाटेला तळ जाणवतो. म्हणजे पहिली ५० मीटर खोलीवर तळाशी झगडायला लागते, दुसरी २०० मीटरवर. तळ जाणवला की लाट मंदावते, आखडते आणि उंच होते. मोकळ्या, एकसारख्या उताराच्या किनाऱ्यावर १ मीटर, ८ सेकंदांची लाट फुटताना साधारण १.४ मीटर होते. १ मीटर, १६ सेकंदांची सुमारे १.९ मीटर. शिवाय लाट जितकी लांब, तितकी ती तळाच्या आकारानुसार अधिक वळते. अरुगम बेच्या मुख्य पॉइंटवर, म्हणजे भूशिराच्या टोकाशी लाटा फुटतात त्या जागी, दक्षिणेचा स्वेल भूशिराला वळसा घालून आत येतो आणि खडकाच्या कडेने उजवीकडे लांबवर सोलत जातो तो यामुळेच. सात-आठ सेकंदांच्या लाटा असा वळसा घेत नाहीत, सरळ पुढे निघून जातात; म्हणून उंचीचा आकडा चांगला असूनही काही दिवशी पॉइंट झोपलेला असतो.

उंचीच्या आकड्यातही एक मेख आहे. अंदाजात दिलेली उंची ही ‘सार्थ लाट-उंची’ असते, म्हणजे सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. काही तासांत तिच्या जवळपास दुप्पट उंचीची एखादी लाट येणे अगदी स्वाभाविक आहे. दीड मीटरचा अंदाज असताना तीन मीटरची लाट आली तर अंदाज चुकला असे नाही. आणि दूरवरचा स्वेल एकसारखा येत नाही, तो तुकड्यांनी येतो. पाच-सात मोठ्या लाटा, मग दहा-पंधरा मिनिटे जवळजवळ शांतता, मग पुन्हा मोठ्या लाटा. किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या शांत पाणी पाहून आत शिरणारा माणूस नेमका त्या मधल्या शांततेला फसतो. पाण्यात जाण्यापूर्वी वीस मिनिटे किनाऱ्यावर बसून पाहणे हा यावरचा एकमेव खात्रीचा उपाय आहे. स्वेलचा आवर्तकाल १५ सेकंदांच्या पुढे असेल तर अर्धा तास बसावे.

इथे वृत्तपत्रांकडे एक जुनी तक्रार मांडायलाच हवी. पावसाळ्यात ‘आज समुद्रात साडेचार मीटरच्या लाटा’ असे मथळे दरवर्षी दिसतात. तो आकडा बहुतेक वेळा लाटेचा नसतो, भरतीच्या पाण्याच्या पातळीचा असतो. भरती म्हणजे सहा तासांत संथपणे चढणारे पाणी, लाट म्हणजे काही सेकंदांत येऊन फुटणारे. दोन्ही आकडे मीटरमध्येच येतात म्हणून त्यांची अदलाबदल होते. या सवयीचा वाचक श्रीलंकेचा अंदाज उघडून ‘लाट दीड मीटर’ वाचतो तेव्हा त्याला ते किरकोळ वाटते. प्रत्यक्षात श्रीलंकेच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरकच जेमतेम अर्धा-पाऊण मीटर असतो, भांगाच्या वेळी त्याहूनही कमी. दीड मीटरची, १४ सेकंदांची लाट मात्र फुटताना पुरुषभर उंचीच्या वर जाते आणि उभ्या माणसाला सहज आडवे करते.

भरती-ओहोटीतला फरक कमी, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करावे असेही नाही. वेलिगामाचा उपसागर वाळूचा, अर्धचंद्राकृती आणि हळूहळू खोल होणारा. तिथे अर्धा मीटर पाणी इकडेतिकडे झाल्याने नवशिक्याचे फारसे अडत नाही. पण पुढे मिडिगामा आणि अहंगामाच्या पट्ट्यात लाटा खडकावर व प्रवाळावर फुटतात. तिथल्या ‘रॅम्स’सारख्या जागी पाणी आधीच उथळ असते आणि फुटणारी लाट स्वतःपुढचे पाणी ओढून घेत असल्याने खडकावरची खोली आणखी घटते. अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला तिथे जाणे म्हणजे गुडघाभर पाण्याखाली खडक असताना वरून पडणे. त्याच पट्ट्यातले ‘लेझी लेफ्ट’ आणि ‘लेझी राइट’ बरेच सौम्य आहेत. एका किलोमीटरच्या आतबाहेर इतका फरक पडतो, तेव्हा ‘मिडिगामा : मध्यम’ असे एका शब्दात लिहून चालत नाही.

खडकाळ जागी पडताना सूर मारू नये, उभ्याने पायही खाली सोडू नयेत. अंग पसरून, आडवे, पाण्याच्या पृष्ठभागालगत पडावे आणि वर येताना हात डोक्याभोवती धरावेत, कारण बोर्ड कुठे आहे ते दिसत नसते. लीश, म्हणजे बोर्डाला जोडलेली घोट्याला बांधायची दोरी, साधारण बोर्डाच्या लांबीइतकी असावी. ती घेताना दोन ठिकाणी बोट फिरवून पाहावे: दोरीवर कुठे चीर पडली आहे का, आणि पट्ट्याचे वेल्क्रो वाळूने भरून सैल झाले आहे का. भाड्याच्या बोर्डांवर लीश बहुतेक या दोनपैकी एका ठिकाणी दगा देते. प्रवाळाने कापले तर जखम लहान दिसते, पण आत प्रवाळाचे कण राहतात आणि उष्ण, दमट हवेत ती झपाट्याने पिकते. स्वच्छ पाणी आणि साबणाने चोळून धुवावी, दिसणारे कण चिमट्याने काढावेत, जंतुनाशक लावावे, आणि खपली धरेपर्यंत समुद्रात जाऊ नये. ‘मिठाच्या पाण्याने बरी होईल’ हा समज चुकीचा आहे.

वाऱ्याच्या वेळेबद्दल आणखी थोडे. मोसमी वारा वरच्या दर्जाचा खेळाडू असला, तरी रोजची बाजी खारे आणि मतलई वारेच मारतात. रात्री जमीन थंड होते आणि मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. सूर्य वर आला, जमीन तापली की दहा-अकराच्या सुमारास खारा वारा समुद्राकडून आत येतो. जानेवारीत नैर्ऋत्य किनाऱ्यावर पहाटे ईशान्य मोसमी वारा आणि मतलई वारा एकाच दिशेला असतात, म्हणून सकाळी सहा ते नऊ हा वेळ सोन्यासारखा. अकरानंतर त्याच पाण्यावर बारीक खळबळ चढते आणि लाटेचा चेहरा फाटतो. संध्याकाळी पाचनंतर वारा पुन्हा मंदावतो, पण त्यावर विसंबू नये. विषुववृत्ताजवळ अंधार लवकर आणि एकदम पडतो. अरुगम बेला जुलैत हाच क्रम, फक्त दिशा बदलून. पहाटे नैर्ऋत्येचा वारा तिथे जमिनीवरून येतो, दुपारी आग्नेयेचा खारा वारा पॉइंट बिघडवतो.

अंदाज वाचताना तीन ठिकाणी लोक हमखास घसरतात. पहिली जागा दिशेची. वारा आणि लाट यांची दिशा ‘कुठून येते’ ती दिलेली असते, पण समुद्रप्रवाहाची दिशा ‘कुठे जातो’ ती असते. नैर्ऋत्य वारा म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारा. बाण उलटा वाचला की सगळा निष्कर्षच उलटतो. दुसरी जागा वेळेची. अंदाज काढणाऱ्या जागतिक संगणकीय मॉडेलांचे नकाशे जागतिक प्रमाणवेळेत असतात. श्रीलंकेची घड्याळे आपल्याच वेळेवर चालतात, म्हणजे नकाशावरचे ०० हे पहाटे साडेपाच आणि ०६ हे सकाळी साडेअकरा. सकाळी सहाचा वारा पाहतो आहोत अशा समजुतीने साडेअकराचा वारा पाहिला, की ‘इथे रोजच वारा वाईट’ असा ग्रह होतो. तिसरी जागा फुटांची. काही सर्फर लाट मागून मोजतात, काही समोरून. ‘चार फूट’ या शब्दांना त्यामुळे काहीच नक्की अर्थ राहत नाही. छापताना मीटरच वापरावे.

मॉडेलांवर किती भरवसा ठेवायचा? स्वेलच्या बाबतीत चार-पाच दिवस बऱ्यापैकी, कारण लाटा आधीच निघालेल्या असतात आणि त्यांचा वेग ठाऊक असतो. वाऱ्याच्या बाबतीत दोन-तीन दिवस. संधिकालातल्या दुपारच्या गडगडाटी ढगाच्या बाबतीत मात्र काही तासच, आणि तो कोणत्या गावावर फुटेल हे तर आकाशाकडे पाहूनच कळते. जागतिक मॉडेलांचे चौकोन बहुधा वीस-पंचवीस किलोमीटरचे असतात. त्यात वेलिगामाचा सगळा उपसागर एका कोपऱ्यात मावतो. खडक, वळसा, भूशिराची सावली यातले काहीही मॉडेलला दिसत नाही. त्याचा आकडा मोकळ्या समुद्राचा असतो. आडोशाच्या उपसागरात लाट त्याच्या निम्मी भरू शकते आणि उघड्या पॉइंटवर दीडपट.

पाण्याच्या ओढीबद्दल मात्र थांबून लिहिले पाहिजे, कारण या किनाऱ्यांवर पोहणाऱ्यांना खरा धोका तिचा आहे. लाटा फुटून किनाऱ्याकडे ढकललेले पाणी परत जायला वाट शोधते. वाळूच्या दांड्यांमधली खोल घळ, खडकाची कड, खाडीचे मुख अशा ठिकाणी ते अरुंद पट्ट्यातून बाहेर निघते. वेग बहुधा सेकंदाला अर्धा ते एक मीटर, मोठ्या स्वेलमध्ये दोन मीटरपर्यंत. ऑलिम्पिकमधला जलतरणपटू तेवढ्या वेगाने पोहतो, तेव्हा तिच्याविरुद्ध किनाऱ्याकडे पोहण्याचा प्रयत्न म्हणजे केवळ दमणे. आणि ही जागा दिसते कशी? दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस आहे, मधल्या पट्ट्यात मात्र लाट फुटत नाही. पाणी थोडे गडद किंवा वाळूमुळे गढूळ, पृष्ठभाग चुरगळल्यासारखा, आणि नीट पाहिले तर फेसाचे ठिपके, एखादे पान समुद्राच्या दिशेने सरकताना दिसते. सगळी मेख इथेच आहे. लाटा नाहीत म्हणून ‘इथे शांत आहे’ असे समजून माणसे मुलांना घेऊन नेमकी त्याच पट्ट्यात उतरतात. हिक्कडुवाला आणि बेंटोटाच्या नदीमुखाजवळ हे विशेष लक्षात ठेवावे. नदीमुखाची वाळू मोसमाबरोबर सरकते, म्हणून मागच्या वर्षीची सुरक्षित जागा यंदा सुरक्षित असेलच असे नाही.

ओढीत सापडल्यास उताणे तरंगत राहावे, श्वास आवरावा आणि हात वर करून मदत मागावी. ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते; फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे ती सैल पडते. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, जिकडे फेस दिसतो तिकडे पोहावे, कारण फेस म्हणजे उथळ पाणी आणि किनाऱ्याकडे ढकलणारी लाट. किनाऱ्यावरच्यांनी रिकाम्या हाताने उडी मारू नये. बुडणाऱ्यामागून वाचवणारा बुडतो, हा प्रकार फार वेळा घडतो. बोर्ड, बंद झाकणाचा रिकामा कॅन, जे तरंगेल ते आधी फेकावे आणि जीवरक्षकाला बोलवावे. जीवरक्षक मोजक्याच मोठ्या किनाऱ्यांवर असतात. हॉटेलचे आवार समुद्राला लागून आहे म्हणजे पाण्यावर कोणी नजर ठेवून आहे, असे धरून चालू नये.

निरभ्र आकाशाखाली येणारा मोठा स्वेल हा आणखी एक सापळा. १७-१८ सेकंदांच्या पुढच्या लाटा उंचीने माफक दिसतात, पण किनाऱ्यावर पाणी नेहमीच्या रेषेच्या बरेच वर चढवतात आणि परतताना पायाखालची वाळू काढून नेतात. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात. मे २०२४ मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षण घेणारे पाच तरुण अशाच लाटांत बुडाले; हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेने त्याआधीच इशारा दिलेला होता. दक्षिण हिंदी महासागरातून निघालेला असा स्वेल श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरही पोहोचतो. तेव्हा इन्कॉइसचा इशारा केरळ-तमिळनाडूसाठी आला असेल, तर गॉल-मिरिस्साला असलेल्या पर्यटकानेही खडकांवर उभे राहून छायाचित्रे काढणे त्या दिवशी टाळावे. कोलंबोचा हवामान विभाग रोज सागरी क्षेत्रांचा अंदाज देतो, तो किनाऱ्याच्या पट्ट्यांप्रमाणे असतो, उदाहरणार्थ पुत्तलमपासून कोलंबोमार्गे हंबनटोटापर्यंत, किंवा हंबनटोटा ते पोट्टुविल. आपण जिथे आहोत तो पट्टा ओळखता आला पाहिजे, एवढीच अट.

विजेबद्दल दोन वाक्ये. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दुपारी वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. त्याच क्षणी पाण्याबाहेर यावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरू नये.

आपल्या पुरवणीसाठी हे सगळे छापावे असे म्हणणे नाही. चौकट तेवढी बदलावी. किनाऱ्याचे नाव, महिना, लाटेची उंची, आवर्तकाल, दिशा, सकाळचा व दुपारचा वारा, ओहोटीची वेळ. आणि ‘नवशिक्यांसाठी योग्य’ हे गावाविषयी न लिहिता जागेविषयी लिहावे. नमुना म्हणून एक काल्पनिक ओळ देतो. ‘वेलिगामा, वाळूचा किनारा, फेब्रुवारी : लाट १.२ मीटर, १४ सेकंद, दक्षिण-नैर्ऋत्येकडून. वारा सकाळी ९ पर्यंत ईशान्येचा, ताशी ८ किमी, दुपारी नैर्ऋत्येचा, ताशी २० किमी. ओहोटी सकाळी १०.४०, सकाळी लवकर जावे, मिडिगामाचे खडक नवशिक्यांनी टाळावेत.’ वाऱ्याच्या आणि लाटांच्या अंदाजाचे हे आकडे सरकारी संस्थांकडून विनामूल्य मिळतात, आणि ही ओळ आपल्या एका स्तंभात सात-आठ ओळींहून अधिक जागा घेत नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
सागरी हवामानाचा एक अभ्यासक